जुनी पिकअप उभ्या-उभ्या बंद का पडते?
पंप उघडण्याआधी सभासदांनी करावयाची तपासणी



या पानावर एरवी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांचीच चर्चा असते. या वेळी गाडीची आहे. गट कार्यालयात सभासद आले की ऊसनोंदीच्या आधी हल्ली गाडीचेच गाऱ्हाणे निघते. “साहेब, आयडलला गाडी नुसती थरथरते. चौकात उभी केली की बंद पडते. मिस्त्री म्हणतो, पंप काढावा लागेल.” असे एक-दोन नव्हे, बऱ्याच जणांनी सांगितले. म्हणून हा लेख.

उसाचा आणि गाडीचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जवळचा आहे. बेणे तोडल्यापासून शक्यतो २४ तासांच्या आत सरीत गेले पाहिजे, नाहीतर डोळे सुकतात आणि उगवण मार खाते. रोपवाटिकेतून आणलेले एक डोळ्याचे रोप तर दुपारच्या उन्हात ट्रेमध्ये तासभरही नीट टिकत नाही. तोडणीच्या दिवसांत फडाच्या अरुंद वाटेवर एक पिकअप बंद पडली की मागे ट्रॅक्टर-ट्रॉल्या अडकतात, तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि साखरही घटते. हे नुकसान गाडीच्या बिलात दिसत नाही, उसाच्या बिलात दिसते.

आपल्या भागात जुन्या पिकअप भरपूर आहेत, त्यालाही कारण आहे. या गाड्यांचे माहेरच इथले. आकुर्डीची बजाज टेम्पो, म्हणजे २००५ पासूनची फोर्स मोटर्स. पिंपरीची टेल्को, म्हणजे २००३ पासूनची टाटा मोटर्स. आणि चाकणला २०१० मध्ये सुरू झालेला महिंद्राचा कारखाना. मॅटॅडोर आणि ट्रॅक्स आपण पाहिल्या, १९८८ मध्ये टाटामोबाईल २०६ आली, मागून २०७ आली, २००५ मध्ये छोटा हत्ती आला. आपल्या कित्येकांच्या जमिनी या औद्योगिक पट्ट्यात गेल्या आणि कित्येकांची मुले आज तिथे जोडणीच्या लाइनवर उभी असतात. पण तिथे नवे इंजिन बसवायचे काम असते. पंधरा वर्षे शेण, माती आणि बेणे वाहिलेले इंजिन कुठे कुरकुरते, हे घरच्या अंगणातच शिकावे लागते.

दुखणे एक, कारणे अनेक

उसाचे पान पिवळे पडले की काही सभासद लगेच युरियाचे पोते उघडतात. पान नत्र कमी पडल्याने पिवळे पडते, तसेच लोह कमी पडल्याने पडते, पाणी साचून मुळी गुदमरल्यानेही पडते. साचलेल्या पाण्यात युरिया टाकला तर पैसे वाहून जातात आणि पान पिवळेच राहते. आधी सरीत उतरून मुळी बघावी, मग पोत्याला हात घालावा.

गाडीचेही तेच आहे. आयडलला थरथरणे आणि बंद पडणे हे पिवळे पान झाले. त्यावरून थेट पंप उघडणे म्हणजे न बघता युरिया टाकणे. पंप हा सगळ्यांत महाग भाग, आणि बऱ्याचदा तो निर्दोष असतो. म्हणून एकच नियम ध्यानात ठेवावा: तपासणी टाकीपासून इंजिनाकडे करावी आणि स्वस्तापासून महागाकडे करावी.

खोड आयडललाच का दिसते?

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. सिलेंडरमधली हवा सतरा ते बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारते. फवारा पेट घेतो आणि पिस्टन ढकलला जातो. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात: स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि पुरेसा दाब. फवारा वेळेवर पडला की झाले.

आता हिशेब बघा. चार सिलेंडरचे इंजिन आयडलला मिनिटाला साधारण ७५० फेरे घेते. प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक फवारा पडतो. म्हणजे मिनिटाला १,५०० आणि तासाला ९०,००० फवारे झाले. उभ्या गाडीने तासाला पाऊण लिटर डिझेल घेतले असे धरले, तर एका फवाऱ्याच्या वाट्याला येते पाण्याच्या एका थेंबाच्या सहाव्या भागाइतके डिझेल. इतक्या बारीक मापात हवेचा एक बुडबुडा घुसला तरी तो फवारा वाया जातो. गाडी पळताना फवारा मोठा असतो आणि चाकांचा, फ्लायव्हीलचा जोर इंजिनाला ओढून नेतो, म्हणून तीच खोड झाकली जाते. यासाठीच “रेस दिली की ठीक चालते” याचा अर्थ “गाडी ठीक आहे” असा घेऊ नये.

आधी गाडीला विचारा: केव्हा?

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस नुसते निरीक्षण करावे. गाडी *केव्हा* बंद पडते, यात अर्धे उत्तर असते.

*सकाळी पुष्कळ सेल्फ मारावा लागतो, सुरू झाल्यावर पाच मिनिटे मिसिंग मारते, मग दिवसभर ठीक.* रात्रभरात नळीतले डिझेल टाकीकडे उतरते आणि त्या जागी हवा शिरते. कुठेतरी जोड सैल आहे. ज्या इंजिनांना ग्लो प्लग आहेत त्यांचे प्लग गेले असतील तरी थंडीत असेच होते.

*अर्धा-एक तास चालल्यावर ओढ कमी होते, दम लागल्यासारखी होऊन बंद पडते, दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा सुरू होते.* टाकीत हवा जायची वाट बुजली आहे किंवा टाकीतल्या नळीच्या तोंडाशी कचरा अडकला आहे.

*आयडल एकसारखी नाही, आवाज वर-खाली होतो.* डिझेलमध्ये हवा आहे, किंवा पंपाचा गव्हर्नर नीट काम करत नाही. पहिली शक्यता कितीतरी अधिक.

*एकाच तालात ठक-ठक थरथर, रेस दिली की जाते.* चारांपैकी एक सिलेंडर काम करत नाही, किंवा आयडल फार खाली आहे, किंवा इंजिनाचे फाउंडेशन रबर बसले आहेत. रबर बसले असतील तर इंजिन एकसारखे चालते, हादरा केबिनला बसतो. बोनेट उघडून नुसत्या कानाने ऐकले तरी फरक कळतो.

*किल्ली फिरवल्यासारखी एकदम बंद.* डिझेल कमी पडले तर गाडी गचके खात, हळूहळू मरते. एकदम बंद पडली तर वीज बघावी. ज्या पंपावर डिझेल बंद करणारा विजेचा सोलेनॉइड आहे, तिथे त्याची एक सैल वायर हा प्रताप करते. वायरचे टोक साफ करून घट्ट बसवावे, एवढ्यावर काम भागते.

धूरही वाचावा. पांढरा धूर आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास, म्हणजे फवारा पडतो पण पेटत नाही. पांढरा धूर आणि रेडिएटरचे पाणी रोज कमी होते, म्हणजे हेड गॅस्केट बघावे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर झटकावा, उसाच्या पाचटाची धूळ त्यात भरलेली असते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

तपासणीचा क्रम

१. टाकीचे झाकण. गाडी दम टाकू लागली की थांबून झाकण उघडावे. सुस्कारा सोडल्यासारखा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी ठीक चालली, तर रोग सापडला. झाकणाचे किंवा टाकीचे हवेचे छिद्र मातीने बुजले आहे. आपल्याकडे झाकण हरवले की टाकीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी दोरीने बांधतात, किंवा चिंधीचा बोळा कोंबतात. पिशवीने हवा कोंडते. बोळ्याचे धागे आत पडतात आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसतात. गाडीचे योग्य झाकण विकत घ्यावे, त्यात काटकसर नको.

२. पाणी. बहुतेक गाड्यांत डिझेल फिल्टरच्या खाली किंवा वेगळ्या वाटीला पाणी सोडायचा स्क्रू असतो. सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. पाणी जड असते, ते तळाला बसते आणि डोळ्याला दिसते. काळसर बुळबुळीत गाळ आला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पाणी येते कुठून? बॅरलमध्ये साठवलेल्या डिझेलमधून, पावसात उघड्या राहिलेल्या कॅनमधून, आणि अर्धी रिकामी टाकी आठवडेच्या आठवडे उभी राहिली तर आतल्या दमट हवेतून. पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवावी. बॅरलचे डिझेल हलवल्यावर लगेच काढू नये आणि तळाचे चार बोटे डिझेल गाडीत घालू नये. कापडाने गाळल्याने कचरा अडतो, पाणी अडत नाही.

३. डिझेल फिल्टर. शेवटचा केव्हा बदलला हे आठवत नसेल तर तो बदलायचाच आहे असे समजावे. चांगल्या प्रतीचाच घ्यावा. नवा फिल्टर बसवताना जुनी रबर रिंग आत चिकटून राहिलेली नाही ना, हे बोटाने बघावे. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर तिथूनच हवा शिरते, आणि “फिल्टर बदलल्यापासून गाडी बिघडली” ही तक्रार सुरू होते.

४. हवा. हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून सावकाश वाचावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचे डिझेल *ओढले* जाते. त्या पट्ट्यात नळीला बारीक चीर असली तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून “कुठे थेंब दिसत नाही, म्हणजे नळी चांगली” हा समज चुकीचा आहे. गळती कोरडी असते.

ती शोधायची कशी? फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी डिझेलला चालेल अशी जोडावी आणि गाडी आयडलला ठेवावी. नळीत बुडबुडे पळताना दिसले तर हवा टाकीकडून येते आहे. मग एकेक जोड बघत मागे जावे: क्लिपा, रबरी नळ्यांची टोके, बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर, आणि फीड पंपावरचा हातपंप. हा हातपंप वापरल्यावर पुन्हा नीट आवळला नाही किंवा त्याचे सील झिजले, तर तिथूनही हवा जाते. उसाच्या गावाला उंदरांची कमी नाही. उभ्या गाडीची नळी ते कुरतडतात आणि दाताची खूण क्लिपच्या खाली लपलेली असते.

५. कॅनची परीक्षा. वरच्याने समाधान झाले नाही तर ही परीक्षा करावी. स्वच्छ कॅनमध्ये दोन-तीन लिटर गाळलेले डिझेल घ्यावे. कॅन बोनेटच्या उंचीला, तापलेल्या सायलेन्सरपासून दूर, पक्का बांधावा. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाजवळ सोडवून तिथे कॅनची नळी जोडावी. हवा काढून गाडी सुरू करावी. गाडी आता एकसारखी चालली तर पंप निर्दोष, नोझल निर्दोष, दोष टाकी ते फीड पंप या पट्ट्यात. तरीही थरथर राहिली तर दोष पुढे, इंजिनाच्या बाजूला. एवढ्या एका परीक्षेने निम्मी गाडी तपासणीतून वगळली जाते. परीक्षा गाडी उभी ठेवूनच करावी, कॅन बांधून रस्त्यावर जाऊ नये. जवळ विडी-सिगारेट नको.

हवा काढायची रीत बहुतेकांना ठाऊक आहे. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, फेस जाऊन निखळ डिझेल आले की स्क्रू आवळावा, मग तसेच पंपावरच्या स्क्रूचे करावे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, मध्ये विश्रांती द्यावी, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातात.

एका सभासदांचे उदाहरण सांगतो. सुरू हंगामाची लागण चालू होती आणि पिकअप रोज दोनदा बंद पडत होती. नोझल बदलून झाले होते, आता पंपासाठी पंधरा हजारांचा अंदाज दिलेला होता. कॅन लावल्यावर गाडी शिवणयंत्रासारखी चालू लागली. मागे शोधत गेल्यावर टाकीवरच्या वळणाची रबरी नळी आतून तडकलेली निघाली. नळी आणि दोन क्लिपा मिळून तीनशे रुपयांच्या आत काम झाले. आधी बदललेल्या नोझलचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

६. कोणता सिलेंडर? दोष इंजिनाच्या बाजूला निघाला तर जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाडीत मिस्त्री एकेका नोझलच्या पाइपाचा नट आयडलला किंचित सैल करून बघतो. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर तो सिलेंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. मग त्याचे नोझल शेजारच्याशी अदलाबदल करावे. खोड नोझलबरोबर शेजारी गेली तर नोझल खराब. खोड जागीच राहिली तर टॅपेटची फट, व्हॉल्व्ह किंवा पिस्टन रिंग, म्हणजे दाबाचा प्रश्न. आळशी सिलेंडर कळल्याशिवाय चारही नोझल बदलू देऊ नयेत. मायकोचे, म्हणजे २००८ पासून बॉश नाव लागलेल्या कंपनीचे नोझल नाशिकला बनतात. ते घेताना दुकानाचे बिल आणि मूळ वेष्टन बघून घ्यावे.

येथे सावधगिरी हवी. नोझलचा फवारा वातावरणाच्या दाबाच्या शेकडो पट दाबाने निघतो आणि कातडीत घुसतो. वर जखम टाचणीएवढी दिसते, आत हात सडू शकतो. फवाऱ्यासमोर हात धरू नये. तसे झालेच तर दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठावे.

७. आयडलचा स्क्रू. हा मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. गाडी बंद पडते म्हणून सगळ्यांत आधी हाच स्क्रू फिरवला जातो. आयडल वाढवली की थरथर झाकते, डिझेल जास्त जाते आणि खरा रोग आत वाढत राहतो. वरची सहा कामे झाल्यावर, इंजिन पूर्ण तापले असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांवर आयडल लावावी.

८. पंप. एवढे सगळे करून खोड राहिली तरच पंप काढावा, आणि तो चाचणी यंत्र असलेल्या दुकानातच द्यावा. झाडाखाली पंप उघडणाऱ्याकडे देऊ नये. पंपातले मोजमाप केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असते.

बंद पडण्यातला खरा धोका

आतापर्यंत पैशाचे बोललो, आता जिवाचे. बहुतेक पिकअपच्या ब्रेकला व्हॅक्यूमचा बूस्टर असतो. डिझेल गाडीत तो व्हॅक्यूम तयार करणारा छोटा पंप इंजिनावर चालतो, अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की हा पंपही थांबतो. बूस्टरमध्ये साठलेला जोर दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरता उरतो. त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. ब्रेक गेलेले नसतात, पण लावायला कितीतरी जोर लागतो. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होते.

तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्त्यावर किंवा पुणे–नाशिक महामार्गावर मागे कंटेनर, पुढे कामगारांच्या बस आणि आपल्या गाडीत टनभर बेणे, वर लागणीची माणसे, अशा वेळी हे झाले तर काय होईल याचा विचार करावा. म्हणून चालकाला, मग तो घरचा मुलगा असो की गडी, हे सांगून ठेवावे: चालती गाडी बंद पडली तर पेडल वारंवार मारू नये. एकदाच, पूर्ण जोराने दाबून धरावे. गाडी न्यूट्रल करू नये. हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी डाव्या कडेला घ्यावी. किल्ली पूर्ण काढू नये, स्टिअरिंग लॉक होते. आणि हौद्यात माल असताना वर माणसे बसवू नयेत, हे तर नेहमीचेच सांगणे आहे.

आयडलला बंद पडणारी गाडी आज चौकात बंद पडते, उद्या उतारावर बंद पडते. “रेस देऊन चालवतो की” हे उत्तर चालणार नाही.

नव्या आणि पेट्रोल गाड्यांविषयी

अलीकडच्या कॉमन रेल इंजिनांना वरची १ ते ३ ही कामे तशीच लागू आहेत, पण नट सैल करण्याची रीत मुळीच करू नये. त्या पाइपात दाब हजार पटींच्याही वर असतो. तिथे इंजिनाचा दिवा लागला की स्कॅनर लावून कोड वाचून घ्यावा. कोडने रोगाची दिशा कळते, नेमका भाग कळतोच असे नाही. त्यामुळे कोड निघाला म्हणून लगेच सेन्सर बदलू नये. आधी त्याची वायर आणि प्लग बघावा.

काही सभासद विचारतात, “उसाच्या इथेनॉलमुळे गाडी बंद पडते का?” इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते, पंपावरच्या डिझेलमध्ये नाही. तेव्हा डिझेल पिकअपच्या दुखण्याचा दोष इथेनॉलला देऊ नये. पेट्रोलवरच्या छोट्या गाड्यांचे वेगळे आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ मध्ये विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत देशभर पोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते. त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीत पाणी साचून आयडल बिघडू शकते आणि जुन्या प्रतीच्या रबरी नळ्या लवकर खराब होऊ शकतात. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी फिरवावी आणि नळ्या बदलताना इथेनॉलला चालणाऱ्याच घ्याव्यात. इथेनॉल आपल्याच उसाचे आहे म्हणून त्याचे गुणदोष आपल्याला दुसऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक असावेत.

हंगामापूर्वी एवढे करावे

गळीत हंगामाआधी जसे आपण फडाच्या वाटा दुरुस्त करतो, तसे गाडीचे चार काम उरकावेत: डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलावा, पाणी सोडावे, टाकी ते फीड पंप सर्व रबरी नळ्या हाताने दाबून बघाव्यात, टॅपेटची फट तपासून घ्यावी. कडक झालेली नळी तडकण्याची वाट न बघता बदलावी.

घरात उसाच्या नोंदीची वही असते, तिच्या मागच्या पानावर गाडीची नोंद ठेवावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, काय बदलले, एवढे लिहिले तरी पुरे. मिस्त्रीकडे जाताना “गाडी बिघडली आहे” असे न सांगता हे सांगावे: केव्हा बंद पडते, हळूहळू की एकदम, धूर कोणत्या रंगाचा, बाटलीत पाणी निघाले का, आणि कॅनवर गाडी कशी चालली. चांगला मिस्त्री एवढे ऐकून निम्मे काम झाले म्हणेल. आणि हे सगळे ऐकूनही जो थेट पंपाकडेच हात नेईल, त्याच्या दारातून गाडी सुरू करून परत आणावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी